कानस-करवत : फळी कुजते ती कडेनं

मागच्या अंकात पोटफळीवर अर्धं पान खरडलं होतं. पोटफळी हे मी ठेवलेलं नाव, जग तिला बेलीबोर्ड म्हणतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, फुटलेली लाट पाठीशी आली की पातळ लाकडी फळीवर पोट टाकायचं आणि थेट वाळूपर्यंत यायचं. उभं राहणं नाही, की वर्षभराची शिकवणी नाही. वाटलं होतं, दोन-चार पत्रं येतील. आली पिशवीभर, आणि निम्म्यांत रड एकच : फळीत पाणी शिरतं.

आधीच सांगतो, मी आजवर सात फळ्या केल्या. चार पाण्यानं खाल्ल्या, एक माझ्या घाईनं गेली, दोन अजून वापरात आहेत. तेव्हा पुढची उत्तरं बहुतेक पाच मेलेल्या फळ्यांकडून शिकलेली आहेत.

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. घरी कपाटाच्या कामातून उरलेला 12 मिलिमीटरचा प्लाय आहे. तो चालेल का? आणि पुढचं टोक वर वळवायला मी प्लायचा एक तुकडा किटलीच्या वाफेवर धरला, तर त्याचे थर सुटले. माझं काय चुकलं?

उत्तर : तुझं काहीच चुकलं नाही. थर सुटले हे उत्तम झालं, कारण प्लाय कुठल्या गोंदाचा आहे ते तुला घरबसल्या कळलं. जो प्लाय किटलीच्या वाफेपुढे टिकला नाही, तो समुद्रात टिकणार नाही. कपाटाचा प्लाय कपाटालाच राहू दे. शिवाय 12 मिलिमीटर फार जाड. अशी फळी जड होते, हातात वळत नाही, आणि उसळून अंगावर आली तर चांगलीच लागते.

मरीन प्लाय घे. ब्रिटिश मानक बीएस 1088 असा शिक्का असेल तर डोळे मिटून घे. पण ‘मरीन’ या शब्दाला भुलू नकोस. त्याचा अर्थ एवढाच की थरांमधला गोंद उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही आणि आतल्या थरांत पोकळ्या जवळजवळ नसतात. लाकडाला काही औषधपाणी केलेलं असतं असं नाही. गोंद शाबूत आणि लाकूड कुजलेलं, असा मरीन प्लाय मी स्वतःच्या हातानं फेकलेला आहे.

मापं : लांबी साधारण 120 सेंटिमीटर, रुंदी 30, जाडी 6 मिलिमीटर. लांबीचा आणखी एक हिशोब आहे. फळी उभी धरली की तिचं टोक तुझी बेंबी आणि छाती यांच्या मधे कुठेतरी यावं. वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीत धावल्या पाहिजेत, आडव्या नकोत. आडव्या घेतल्यास तर फळी मधोमध लवते आणि एखाद्या दिवशी कटकन मोडते. मागचं टोक सरळ कापलेलं, पुढचं गोल. याहून जास्त नक्षी पहिल्या फळीला करू नकोस.

आता टोकाचं वळण. ते हवं कशाला? पुढचं टोक पाण्यात घुसलं की फळी जागच्या जागी थांबते आणि आपण पुढे जातो, म्हणून. सपाट फळीवरही लाट धरता येते, फक्त टोक हातांनी सतत उचलून धरावं लागतं. पूर्वी या फळ्या वाफेवर वळवत आणि अजूनही काही कारागीर तसंच करतात, पण घरच्या किटलीवर ते काम भागत नाही. सरळ मार्ग असा : 6 मिलिमीटरचा एक प्लाय वळवण्याऐवजी 3 मिलिमीटरचे दोन घ्यायचे, मधे इपॉक्सी (राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर कालवून होणारा गोंद) लावायची आणि दोन्ही एकत्र साच्यावर आवळायचे. 3 मिलिमीटरचा प्लाय कोरडाच आरामात वाकतो.

साच्याचा एक बारकावा कोणी सांगत नाही. सुटल्यावर फळी थोडी उघडते. दोन सारखे थर असले की वळणाचा साधारण चौथा हिस्सा परत जातो. म्हणून शेवटच्या 30 सेंटिमीटरमध्ये टोक 6 सेंटिमीटर उचललेलं हवं असेल, तर साचा 8 सेंटिमीटरचा कर. हे मला तिसऱ्या फळीला कळलं. पहिल्या दोन हव्या त्याहून सपाट निघाल्या होत्या आणि मी प्लायला दोष देत बसलो होतो. साचा आणि फळी यांच्या मधे प्लॅस्टिकचा कागद विसरू नकोस, नाहीतर साचाही फळीचाच भाग होईल. क्लॅम्प बेताचे आवळ. इपॉक्सीला फार दाब सोसत नाही, सगळी पिळून बाहेर येते आणि सांधा उपाशी राहतो. एक पूर्ण दिवस हात लावू नकोस. पांढरा गोंद वापरू का, असं पुढच्या पत्रात विचारशील, म्हणून आत्ताच सांगतो : नको.

प्रश्न : तुम्ही म्हणता 6 मिलिमीटर. एवढी पातळ फळी माझ्यासारख्या 80 किलोच्या माणसाला तरंगवेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

उत्तर : बसूच नये, कारण ती तरंगवत नाही. हिशोब करून पाहा. 120 गुणिले 30 गुणिले 0.6, म्हणजे 2160 घन सेंटिमीटर. फळी पूर्ण बुडाली तर सव्वादोन किलोच्या आत पाणी बाजूला सारते. बर्चच्या प्लायची असेल तर तिचं स्वतःचं वजन भरतं जवळपास दीड किलो. उरली पाऊण किलोच्या आसपासची उचल. ओकूमे या हलक्या लाकडाचा प्लाय घेतलात तर फळी किलोभराच्या आत बसते, उचल थोडी वाढते. पण त्यानं 80 किलोचा माणूस काही तरंगत नाही.

तुम्हाला उचलतो तो वेग. सपाट दगड पाण्यावरून टप्पे खात जातो, तो तरंगतो म्हणून नव्हे. फळी पुढे सरकताना खालच्या पाण्याला दाबते, पाणी तिला वर ढकलतं, आणि तुमचं बरंचसं वजन लाटेच्या जोरावर उचललं जातं. वेग संपला की तुम्ही पुन्हा पाण्यात, पण तोवर वाळू आलेली असते. म्हणून ही फळी खोल पाण्यात कामाची नाही. पाय टेकतील तिथेच उभं राहायचं, लाट फुटून पांढरी झाली की तिच्या वेगानं तळाला लाथ मारून निघायचं. लाथ उशिरा बसली तर लाट खालून निघून जाते. लवकर बसली तर ती पाठीवर येते आणि नाकातोंडात वाळू जाते. दोन्ही मी केलेलं आहे, बहुतेक एकाच दिवशी.

आत जाताना फळी कधीच पोटासमोर आडवी धरू नका. लाट तिला तुमच्या बरगडीत घालते. अंगाच्या बाजूला, टोक लाटेकडे, अशी धरा. आणि पाणी आत ओढणारा प्रवाह असेल त्या जागी उतरूच नका. फळी हातात आहे म्हणजे तारणहार सोबत आहे असं नाही, पाऊण किलोचा हिशोब आत्ताच केला.

विश्वासासाठी एक साक्षीदार देतो. अगाथा ख्रिस्तीबाई 1922 साली नवऱ्याबरोबर जगप्रवासाला निघाल्या होत्या, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत म्युझेनबर्गच्या किनाऱ्यावर हलक्या, पातळ लाकडी फळीवर पोटावर झोपून लाटा धरायला शिकल्या. पुढे हवाईत जाऊन त्या उभ्या राहायलाही शिकल्या. रहस्यकथांच्या बाईंना जमलं, तर तुम्हाला का जमू नये?

प्रश्न : माझ्या फळीला मी चांगल्या प्रतीच्या व्हार्निशचे पाच हात दिले. आरशासारखी चमकत होती. सहा वेळा पाण्यात नेली आणि मागच्या टोकाचे थर उकलले. कडेला काळी रेघ आली आहे. पाच हात कमी पडले का? सहावा, सातवा द्यायला हवा होता का?

उत्तर : पंधरा दिले असतेत तरी हेच झालं असतं. तुमच्या पत्रासोबतचा फोटो मी भिंग लावून पाहिला. वरचं आणि खालचं अंग सुरेख आहे. कड मात्र करवतीतून निघाली तशीच काटकोनात उभी आहे आणि तिच्यावर व्हार्निश जवळपास नाही. तिथूनच गेली फळी.

लाकूड म्हणजे नळ्यांचा जुडगा. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी वर चढत होतं. आपण लाकूड आडवं कापतो तेव्हा सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. त्या तोंडांतून पाणी जितक्या सहज आत जातं, त्याच्या पासंगालाही सपाट अंगावरून जात नाही. प्लायमध्ये तर एक थर उभा, एक आडवा, म्हणजे चारही कडांना कुठल्या ना कुठल्या थराची तोंडं उघडीच. लोक सगळं व्हार्निश त्या सपाट अंगावर ओततात, कारण चमक तिथे दिसते.

दुसरी गोष्ट काटकोनाची. ओला व्हार्निश धारदार कोपऱ्यावर थांबत नाही, स्वतःच्या ताणानं दोन्हीकडे मागे सरतो. वाळल्यावर पाहिलंत तर अंगावर जाड थर आणि नेमक्या धारेवर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पहिली वाळू तिथे घासते आणि दार उघडतं. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी कड गोल करा. निदान 3 मिलिमीटरच्या त्रिज्येनं, म्हणजे 6 मिलिमीटरच्या फळीला पूर्ण अर्धगोल. आधी कानस, मग 120 नंबरचा सँडपेपर, मग 220. अंगठा कडेवरून फिरवायचा आणि कुठेही धार लागता कामा नये. हे पोटासाठीही बरं, लाटेत तीच कड तुमच्या अंगाशी असते.

मग कडेचं खरं काम. मी ते इपॉक्सीनं करतो आणि बाकीच्या फळीला हात लावायच्या आधी करतो. गोल केलेली कड नीट पाहा. एखाद्या थरात भोक, फट दिसली तर सँडपेपरचीच बारीक लाकडी भुकटी इपॉक्सीत कालवून लापशीसारखं घट्ट करायचं आणि पत्र्याच्या पट्टीनं दाबून भरायचं. वाळलं की घासायचं. त्यानंतर पातळ इपॉक्सीचा पहिला हात कडेवर. पाच-दहा मिनिटांत कड कोरडी, निस्तेज दिसू लागते, म्हणजे प्यायली. लगेच दुसरा. पुन्हा प्यायली तर तिसरा. ओल्यावर ओला. कड चकचकीत राहिली, आणखी पीत नाही, की थांबायचं. हात किती हे मोजून ठरत नाही, कडेची तहान भागली की नाही यावर ठरतं.

इपॉक्सीच्या तीन खोडी आहेत. पहिली : राळ आणि हार्डनर यांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच, वजनाचं म्हटलं असेल तर वजनानं, मापाचं म्हटलं असेल तर मापानं. ‘लवकर वाळावं म्हणून हार्डनर चमचाभर जास्त’ ही अक्कल चालवलीत तर ती जन्मभर चिकट राहील. दुसरी : कालवलेली इपॉक्सी खोल पेल्यात ठेवायची नाही. ती वाळताना तापते आणि खोल पेल्यात उष्णतेला वाट नसते. माझ्या पाचव्या फळीच्या वेळी फोन आला, बोलत बसलो, आणि परतलो तर पेल्यातून धूर निघत होता, बूड वितळलेलं. पसरट थाळीत ओता. तिसरी, आणि हीच लोकांना सर्वात जास्त छळते : बुडबुडे. सकाळी गार लाकडाला इपॉक्सी लावायची आणि ऊन चढू द्यायचं, असं केलंत की नळ्यांतली हवा तापून फुगते आणि ओल्या थरातून फुगे काढत बाहेर पडते. उलटं करा. लाकूड दुपारी उबदार होऊ द्या आणि ते निवायला लागलं की लावा. निवताना आतली हवा आक्रसते आणि इपॉक्सी आत ओढून घेते. फुकटचा मदतनीस आहे, वापरा.

इपॉक्सी कितीही चांगली असली तरी उन्हात पिवळी पडते, मग भुकटीसारखी झडते. तिच्यावर व्हार्निशची छत्री हवीच. आठवडाभर पक्की होऊ द्यायची. वाळलेल्या थरावर कधीकधी मेणचट साय येते, ती साध्या पाण्यानं आणि खरखरीत फडक्यानं धुवायची. आधी घासलीत तर ती सँडपेपरनं अंगभर पसरते. धुवून, वाळवून, मग 220 नं घासून व्हार्निश.

व्हार्निश नावेचा घ्या, ज्याला स्पार व्हार्निश म्हणतात. शिडाच्या काठ्यांना इंग्रजीत स्पार म्हणतात, आणि त्या काठ्या वाऱ्यात सतत लवतात. तसं लवूनही तडकू नये म्हणून त्यात तेलाचं प्रमाण जास्त असतं, शिवाय ऊन अडवणारी द्रव्यं असतात. टेबलासाठीचा व्हार्निश कडक असतो, टेबल वाकत नाही म्हणून त्याला ते परवडतं. तुमची फळी प्रत्येक लाटेत वाकते. बहुधा तुमच्याकडे टेबलाचाच व्हार्निश आहे, फोटोतली ती काचेसारखी चमक मला संशयास्पद वाटली. उघड्या लाकडावर पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे आत मुरतो. पुढचे चार-पाच हात जवळपास डब्यातल्यासारखेच. दोन हातांच्या मधे एक रात्र, दमट हवेत दोन, आणि 320 नं हलकी घासणी. आणि कृपा करून दोन्ही अंगांना सारखेच हात.

आता तुमची ही फळी. वाचेल. उकललेले थर चाकूच्या पात्यानं हलकेच उघडून त्यांत काडी सारा, खारं पाणी जाईपर्यंत गोड्या पाण्यानं धुवा, आणि सावलीत वाळू द्या. किती दिवस, हे शेवटच्या प्रश्नात आहे. मग आत इपॉक्सी ढकला, प्लॅस्टिक घालून क्लॅम्प लावा, काळी पडलेली कड चांगलं लाकूड लागेपर्यंत घासा, आणि वर सांगितलं ते सगळं.

एक राहिलं. तुमच्या फळीला मागे दोरीसाठी भोक आहे. भोक म्हणजेही कडच, आतली. हवं त्याच्या दुप्पट मोठं भोक पाडा, खालून टेप चिकटवा, इपॉक्सीनं काठोकाठ भरा, पक्कं झालं की त्याच्या मधोमध हवं तेवढं भोक पाडा. आता दोरी इपॉक्सीला घासेल, लाकडाला नाही. मुळात दोरी हवीच का, हा वेगळा वाद. मी लावत नाही.

प्रश्न : क्रिकेटच्या बॅटला आपण जवसाचं तेल पाजतो. मग फळीला नुसतं तेल का नको? हे इपॉक्सी, व्हार्निश म्हणजे रसायनांचा बाजार वाटतो. जुन्या लोकांनी काय केलं?

उत्तर : जुन्या लोकांनी तेलच लावलं. हवाई बेटांवरचे लोक कोआ, विलीविली, नाहीतर फणसाच्या कुळातल्या ब्रेडफ्रूटच्या लाकडाच्या फळ्या करत, प्रवाळाच्या तुकड्यांनी आणि खरखरीत दगडांनी घासत, मुळं-साली कुटून काळा रंग देत आणि वर कुकुई नावाच्या बीचं तेल चोळत. वापर झाला की फळी वाळवायची, पुन्हा तेल लावायचं, सालीच्या कापडात गुंडाळून घरात टांगायची. पोटावरच्या छोट्या फळीला त्यांच्याकडे पैपो म्हणत. कॅप्टन कुकच्या जहाजांवरच्या जेम्स किंगनं 1779 मध्ये हवाईतल्या लाटांवरच्या या खेळाचं वर्णन लिहून ठेवलं, तेव्हा त्यांच्यासाठी ते जुनंच झालेलं होतं.

पण दोन फरक पाहा. त्यांची फळी अखंड लाकडाची होती, गोंदाचे थर नव्हते. आणि ते रोज तिची सेवा करत. तेल पाणी अडवत नाही, त्याची चाल मंद करतं, एवढंच. अखंड लाकूड थोडं पाणी प्यायलं, सुकलं, पुन्हा तेल प्यायलं, तर त्याचं फारसं बिघडत नाही. आजही पॉलोनिया या अतिशय हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या बरेच जण नुसत्या तेलावर ठेवतात. तुमच्या बॅटचंही तेच. तिचं पातं अखंड विलोचं असतं, आणि तरी ओल्या खेळपट्टीवर टेकली की तिचा पाया फुगतो, तेल असूनही. प्लायच्या फळीला तेल पाजणं म्हणजे कडेचा प्रश्न पुढच्या आठवड्यावर ढकलणं.

अखंड लाकडाची फळी असेल तर मी तुमच्या बाजूनं आहे. ओरखडा उठला तर संध्याकाळी फडकं फिरवलं की झालं, व्हार्निशसारखं सगळं घासत बसायला नको. कच्चं जवसाचं तेल मात्र दिवसचे दिवस वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते. डब्यावर ‘बॉइल्ड’ लिहिलेलं घ्या. नावात उकळणं असलं तरी बहुधा त्यात लवकर वाळवणारी द्रव्यं मिसळलेली असतात, घरी उकळायला जाऊ नका. टंग तेल मिळालं तर त्याहून बरं. पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं, एक दिवस थांबून पुन्हा.

आणि ते फडकं! तेलाचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत वाळतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. गोळा झालेल्या फडक्यात ती साठते आणि काडी न ओढता आग लागते. ही दंतकथा नव्हे. फडकं एकपदरी पसरून मोकळ्यावर वाळवा, नाहीतर पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या फळीवर स्वतः चित्र काढायचं आहे. पोस्टर कलर चालतील का? आणि कुठल्या कामात तिला सोबत घेऊ शकते?

उत्तर : पोस्टर कलर नको, त्यांना धरून ठेवणारा चिकटपणा कमी असतो. वरून व्हार्निशचा ब्रश फिरला की पसरतात आणि पुढे त्यांच्यासकट व्हार्निशही सुटून येतो. अ‍ॅक्रिलिक रंग द्या. आधी व्हार्निशचे दोन हात, हलकी घासणी, मग तिचं चित्र, दोन दिवस वाळू द्यायचं, मग उरलेले हात. एक विनंती : तिला सांगा, पूर्ण काळी फळी नको. काळा रंग उन्हात इतका तापतो की खालची हवा व्हार्निशला फोड आणते. आपल्या पोटालाही चटका बसतो, तो वेगळाच. काळा मासा काढला तर माझी हरकत नाही.

घासणी, कडा गोल करणं, अंगठ्यानं तपासणी, चित्र, ही तिची कामं. अंगठ्याच्या तपासणीत मुलं आपल्यापेक्षा कडक असतात. धूळ उडते तेव्हा तोंडाला मास्क दोघींनाही. इपॉक्सीच्या वेळी तिला खोलीत नको. ती त्वचेला लागत राहिली तर एक दिवस अंगावर पुरळ उठतं आणि मग आयुष्यभर वासानंही उठतं. तुम्हीही हातमोजे घाला, आणि हाताला लागलीच तर थिनरनं पुसू नका, साबण-पाणी. थिनर तिला कातडीत आणखी आत नेतो.

प्रश्न : अखंड लाकडाची फळी केली, वरच्या अंगाला व्हार्निशचे सहा हात दिले, खालचं अंग तसंच ठेवलं (तिकडे कोण बघतंय?). आता ती पन्हळीसारखी वाकली आहे.

उत्तर : पाणी बघतंय. खालचं अंग पाणी प्यायलं, रुंदीत फुगलं, वरचं तेवढंच राहिलं, म्हणून कडा वर उचलल्या. खोलगट अंग खाली करून फळी ओलसर गवतावर पालथी घाला आणि फुगीर अंगावर ऊन येऊ द्या. व्हार्निश केलेलं अंग खाली जाईल, तेव्हा आधी तो व्हार्निश घासून काढावा लागेल, त्याला इलाज नाही. तासातासानं बघा, सरळ व्हायच्या किंचित आधी उचला. मग आडोशाला, दोन्हीकडून वारा लागेल अशी उभी ठेवून सुकवा आणि या वेळी दोन्ही अंगांना सारखे हात द्या.

प्रश्न : माळ्यावर मामांची जुनी प्लायची फळी सापडली. व्हार्निश सोलून गेलाय, काळे डाग आहेत. वापरण्याजोगी आहे का ते कसं ओळखू? आणि पूर्ण सुकली हे कसं कळतं?

उत्तर : आधी बोटाच्या पेरानं सगळीकडे टकटक करा, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर. टणक आवाज येतो तिथे थर घट्ट. आवाज बसका, फडफडता झाला तिथे सुटलेत, पेन्सिलनं गोल करा. मग काळ्या डागांत चाकूचं टोक टेकवा. लाकडानं विरोध केला तर नुसता डाग आहे. लोण्यासारखं आत गेलं तर तेवढं लाकूड कुजलंय. कूज कडेपुरती बोटभर असेल तर तेवढी कड कापा, फळी थोडी अरुंद झाली म्हणून लाट रुसत नाही. कूज मधे असेल तर फळी भिंतीवर लावा आणि तिच्यावरून साचा काढून नवी करा. मामांचा आकार तरी राहील.

डाग घालवायला जुना व्हार्निश पूर्ण काढून ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात विरघळवून लावतात. खिळ्याच्या लोखंडानं पडलेले काळे डाग त्यानं बरेच उजळतात. विषारी आहे, हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्यानं धुवा आणि सुकल्यावर घासताना मास्क विसरू नका. मी स्वतः डाग ठेवतो.

सुकण्याचं कोणाच्या अंदाजावर सोडू नका, हात लावून तर कधीच ठरवू नका. वरून कोरडी लागणारी फळी आतून ओली असते. तिच्यावर इपॉक्सी चढवलीत की ते पाणी कायमचं आत कोंडलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. फळी सावलीत, खाली दोन काठ्या घालून आडवी ठेवा आणि दर दोन दिवसांनी वजन करून मागच्या अंगावर पेन्सिलनं लिहा. आकडे उतरत जातील. माझी चौथी फळी पहिल्या दिवशी 1740 ग्रॅम भरली होती आणि मला ती दोन दिवसांत कोरडी वाटली होती. वजन उतरणं थांबलं तेव्हा काट्यावर 1510 होतं, आणि त्याला एकोणीस दिवस लागले. सलग तीन वेळा तोच आकडा आला की कानस घ्या, आणि सुरुवात कडेपासून करा.